घरातील मूल

टॅमरॅक लँडिंग
१५ ऑगस्ट १९९३

प्रिय एइनोमामा,

फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि तू मात्र सगळ्या थंडर बेला ऐकू जाईल असं बोलतोस, म्हणून पत्र.

मी सडबरीहून परत आले. पदवीचा कागद बाबांनी टीव्हीच्या वर टांगलाय. तो जरा तिरका आहे, पण सरळ करायला गेलं की ते ओरडतात. सप्टेंबरपासून इथल्याच शाळेत गणित शिकवणार आहे. आई बरी आहे. आइस हॉकीच्या रिंकवर कँटीनमध्ये अजून चिप्स तळते. तुझं नाव निघालं की ती लगेच भांडी घासायला उठते. तिला कामाचा उरक किती आहे ते तुला माहीतच आहे.

खरी बातमी वेगळीच आहे. मी आपल्या बाल हॉकी मंडळाची चिटणीस झाले! वार्षिक सभेत मी एक प्रश्न विचारायला हात वर केला. अध्यक्ष व्हर्न हालिडे म्हणाले, ‘अरे वा, साइमी तयार आहे,’ आणि टाळ्या पडल्या. प्रश्न विचारायचा राहिलाच.

तो प्रश्न मी आता तुला विचारते. गेल्या वर्षी बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या गावोगाव सामने खेळणाऱ्या दौरा संघात सतरा खेळाडू होते. बेंचवर मोठी माणसं आठ. कोच डगल प्रेंटिस, चार सहायक, एक पाण्याच्या बाटल्या भरणारा, आणि दोघे दारावर. त्या दोघांचं काम एवढंच, की बेंचच्या टोकाचं दार खेळाडू बदलताना उघडायचं आणि लावायचं. प्रेंटिसला मूल नाही. बाकीच्या सातही जणांची मुलं संघात होती. हा योगायोग आहे का? मी संभाव्यता काढून पाहिली. आकडा इतका लहान आला की शून्यं लिहिताना कंटाळा आला.

आपली धाकटी हिल्या गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत गळाली. तिच्या जागी डाव्या दारवाल्याचा मुलगा आला. तो बर्फावर उभा राहताना स्टिकचा म्हाताऱ्याच्या काठीसारखा आधार घेतो. हिल्या बारा वर्षांची आहे. पुढच्या वयोगटात अंगावर धडका मारायची मुभा आहे आणि तिथे मुली घेत नाहीत. म्हणजे दौरा संघात खेळायचं तर तिला हे एकच वर्ष.

म्हणून मी नियम लिहिला आहे. सोबत पाठवते.

१४ (अ) बेंचवर काम करणाऱ्या कोणाही व्यक्तीच्या घरातील मूल संघाच्या निवडीस पात्र असणार नाही.
(आ) बेंचवरील नावे निवड चाचणीपूर्वी, १ सप्टेंबरच्या आत, जिल्हा कार्यालयात नोंदवावीत. नोंदवलेले नाव हंगाम संपेपर्यंत मागे घेता येणार नाही.
(इ) घर म्हणजे सदर व्यक्ती १ सप्टेंबर रोजी जिथे राहते ते घर.

आधी ‘मुलगा’ लिहिलं होतं. पण मग मुली, सावत्र मुलं, भाचे, पुतणे सगळे सुटले असते. म्हणून ‘घरातील मूल’ केलं. आता फट कुठेच नाही. तुला काय वाटतं?

तुझी,
साइमी

•

थंडर बे
२४ ऑगस्ट

पदवीधर बाईसाहेब,

तुझं पत्र चष्मा लावून एकदा आणि चष्मा काढून एकदा वाचलं. काढून वाचलं तेव्हा जास्त आवडलं.

मी त्या रिंकवर सव्वीस वर्षं यंत्रावर बसून बर्फ घातला आणि मधली काही वर्षं तो दौरा संघही सांभाळला. तेव्हा थोडं माझं ऐक. आपल्या गावात मानाची पदं तीन. गिरणीचा मॅनेजर, पाद्री आणि दारवाला. पहिली दोन बाहेरची माणसं येऊन भरतात. गावच्या माणसाच्या हाताला लागण्यासारखं एकच, आणि तू त्याच्यावर कुऱ्हाड उचलली आहेस. माझ्या वेळी डाव्या दारासाठी दोन सख्खे साडू एकमेकांशी तीन वर्षं बोलत नव्हते. उजव्या दाराची कडी जरा घट्ट आहे, म्हणून ते दार कमी प्रतिष्ठेचं.

दोन गोष्टी सांगतो. ‘घरातील’ हा शब्द फार मोठा आहे. त्यात पायरीवर झोपणारा कुत्रासुद्धा येतो. ‘पोटचं’ लिही आणि गप्प बस.

दुसरी गोष्ट. नियमाला विरोध झाला तर खुशाल पुढे जा. एकमतानं मंजूर झाला तर मात्र घरी जा, दाराला कडी लाव आणि कुठल्याही कागदावर सही करू नकोस.

मामा

ता. क. पदवी तिरकीच राहू दे. बापाला तेवढं एक टांगायला मिळालंय.

•

टॅमरॅक लँडिंग
३ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र काल आलं, आणि नियम तर २९ तारखेलाच मंजूर झाला. एकमतानं! तू रागावू नकोस, पण माणसांवर तुझा विश्वास फार कमी आहे. इतकी वर्षं यंत्रावर एकटा बसून होतोस, त्यानं तसं झालं असेल.

मला वाटलं होतं, ते सात बाप माझ्यावर धावून येतील. उलट सगळ्यात आधी हात वर केला तो त्यांनीच. डाव्या दारवाल्या गॉर्डीच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, ‘अकरा वर्षांत दोन पोरांसाठी ते दार उघडलं, साइमी. आता नव्या माणसांना उघडू दे.’ मी घरी येऊन हे आईला सांगितलं तर ती इतकी हसली की तेल उतू गेलं.

बेंच रिकामी झाली. मग प्रेंटिस माझ्याकडे आला. तू म्हणतोस तसा तो मुळीच नाही. (तू काही म्हणालाच नाहीस, पण तुझा सूर मला कळतो.) तो म्हणाला, ‘साइमी, मला आता अशी माणसं हवीत ज्यांना पोरंबाळं नाहीत. तुला नाहीत. डावं दार तू घे.’

मामा, डावं दार! टॅमरॅक लँडिंगच्या इतिहासात दारावर बाई आलेली नाही. मी हो म्हटलं. ३१ तारखेला नोंदणीचा अर्ज मी स्वतः पोस्टात टाकला, वर माझीच सही, चिटणीस म्हणून.

ते बाप मोकळे झाले म्हणून व्हर्नने त्यांच्यातल्या पाच जणांची निवड समिती केली आहे. ते वर प्रेक्षकांत बसून गुण देतील. नियमात समितीबद्दल काहीच म्हटलेलं नाही, तेव्हा हरकत घेण्याचा प्रश्न येत नाही. शिवाय मुलांच्या हेल्मेटवर नावं नसतील, नुसते आकडे. आकड्याला कोण ओळखणार?

तुझा ‘पोटचं’ मी विचारात घेतला. पण ‘घरातील’च बरोबर आहे. तो शब्द न्याय्य आहे.

साइमी

•

थंडर बे
१० सप्टेंबर

साइमी,

तू आणि हिल्या एकाच घरात राहता ना?

मला उत्तर देण्याची घाई नाही. आधी स्वतःला दे.

मामा

•

टॅमरॅक लँडिंग
२० सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं चिटोरं चाचणीच्या आदल्या दिवशी आलं. मी ते उघडलं आणि खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती, बादली होती.

मी प्रेंटिसकडे गेले. तो त्याच्या विम्याच्या कचेरीत डोनट खात होता. म्हणाला, ‘हो गं, आमच्याही ते मागाहून लक्षात आलं. वाईट वाटलं. पण नियम तुझा आहे.’ मी म्हटलं, मी दार सोडते. तो म्हणाला, ‘कलम आ.’ मी म्हटलं, मी घर सोडते, आजच शाळेजवळ खोली घेते. तो म्हणाला, ‘कलम इ. पहिली सप्टेंबर.’ त्यानं कलमं पाठ केली होती. माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं अजून सात आणि आठचा पाढा इतका पाठ केलेला नाही.

हिल्याला मी सांगितलं, चाचणी तरी दे. ती गेली. आता ऐक, आणि मग म्हण की पद्धत चालत नाही. पाच परीक्षक, त्रेचाळीस मुलं, फक्त आकडे. गुणांची बेरीज मी केली. हिल्या पहिली! पाचही जणांनी तिला दहापैकी नऊच्या खाली दिलेलं नाही. त्याच पाच जणांनी एकमेकांच्या मुलांना मात्र तीन, चार, एकदा तर दोन दिले आहेत. म्हणजे ही माणसं आतून प्रामाणिक आहेत. लोरेटा गान्येचा डॅरेल दुसरा आला. गेल्या वर्षी निम्मे गोल त्यानंच मारले होते, तेव्हा तेही बरोबरच.

पण प्रेंटिसनं यादी लावली ती हिल्याला वगळून. खाली टीप आहे, ‘एक खेळाडू, अपात्र, कलम १४.’ यादीवर सर्वसाधारण सभेत ३ ऑक्टोबरला शिक्कामोर्तब होईल.

मी खूप विचार केला. माझ्या बहिणीसाठी माझाच नियम मोडला तर उद्या मी वर्गात कोणत्या तोंडानं उभी राहू? ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी तो लिहिला, ते हसतील. नियम सगळ्यांना सारखा, तसा मलाही. सभेत मी स्वतः उठून सांगणार आहे की यादी योग्य आहे. प्रेंटिस म्हणाला, असा माणूस त्यानं या गावात पाहिला नाही.

हिल्याला समजावलं. ती काही बोलली नाही. तिला पटलं असावं.

साइमी

•

थंडर बे
२७ सप्टेंबर

साइमी,

‘ती काही बोलली नाही’ हे वाक्य लिहून तू पुढे गेलीस. मी तिथेच थांबलोय.

पहिलं तुझं गणित. त्या पाच जणांना आधीपासून ठाऊक होतं की आकडा अमुक म्हणजे हिल्या, आणि हिल्या अपात्र. अगं, हेल्मेट कुठलंही घाल, बापाला पोरांची चाल कळते. ते एकमेकांच्या पोरांना पाडत होते, आणि हिल्याला गुण दिल्यानं कोणाचंच काही जात नव्हतं. पन्नास वर्षांत त्या रिंकवर एका खेळाडूला खरे गुण मिळाले ते ती बाद होती म्हणून. तेव्हा ती खरोखर पहिली आहे. प्रामाणिकपणाबद्दल मात्र पुन्हा बेरीज कर.

आता दुसरं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण मी सांगितलेलं नाही.

१९७४ साली मी दौरा संघाचा कोच होतो. तुझा भाऊ ताउनो बारा वर्षांचा होता. तू चार वर्षांची, नाकाला शेंबूड. ताउनो सतरांत बसत होता. पहिल्या पाचांत नाही, पण नववा-दहावा नक्की. लोक बोलायला लागले, एइनो भाच्याला घेणार. मी नाही घेतलं. यादी लावली आणि बाजूला उभा राहिलो. लोक येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होते. म्हणत होते, असा निःपक्षपाती माणूस पाहिला नाही. साइमी, ते ऐकायला मला इतकं गोड लागलं की ताउनो कुठे आहे हे मी पाहिलंच नाही. त्यानं त्या आठवड्यात स्केट विकले. पुन्हा बर्फावर पाय ठेवला नाही. आता तो जहाजावर असतो आणि वर्षातून एकदा फोन करतो तो मला नाही.

तुझी आई त्यानंतर अकरा वर्षं त्याच रिंकवर माझ्यासमोर उभी होती. मधे कँटीनची काच. रोज दहा वाजता ती मला कॉफी द्यायची. दोन चमचे साखर, बरोबर. शब्द एक नाही. ती भांडी घासायला उठते ते कामाच्या उरकामुळे नव्हे.

मी गाव सोडलं तेव्हा सांगितलं, गुडघे दुखतात. माझे गुडघे उत्तम आहेत.

तू सभेत उठून जे बोलणार आहेस ते मी आधी बोलून झालोय. टाळ्या मिळतील. माझं ऐकायचं तर गप्प बस. तुला ते जमणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून निदान हळू बोल.

मामा

•

टॅमरॅक लँडिंग
५ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते वाचून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर चालायला गेले. परत आले तेव्हा ते टेबलावरच होतं, पण पाकिटात नीट घातलेलं. मी पाकिटात घातलं नव्हतं. आई वाटाण्याचं सूप ढवळत होती. म्हणाली, ‘जेवून घे.’

रविवारची सभा रिंकच्या वरच्या हॉलमध्ये होती. इतकी गर्दी मी लग्नात पाहिली नाही. मी भाषण लिहून नेलं होतं, दोन पानं. व्हर्न म्हणाला, ‘यादीवर कोणाला काही बोलायचंय?’ मी उभी राहिले. खरं सांगते, काय बोलायचं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पहिल्या पानावर ‘तत्त्व’ हा शब्द सहा वेळा होता. तेवढ्यात मागून आईनं हात वर केला. अ‍ॅप्रन घालूनच आली होती.

व्हर्नला वाटलं, कॉफीचं काहीतरी. ‘लेम्पी, साखर इथे आहे, बघ.’

‘साखरेचं नाही. नियमातला एक शब्द मला कळला नाही. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. पोरगी शिकलेली आहे, पण तिला विचारलं तर ती तासभर सांगते.’

लोक हसले. मी बसले.

‘कुठला शब्द?’

‘जिथे राहतो ते घर, असं आहे ना? तर राहतो म्हणजे काय?’

व्हर्ननं चष्मा काढला. ‘राहतो म्हणजे… राहतो गं. जिथे त्याचं टपाल येतं.’

‘टपाल मेलेल्या माणसालाही येतं. माझ्या सासऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, त्याच्या नावानं अजून बियाण्यांची पुस्तकं येतात. तो राहतो का आमच्याकडे?’

‘तसं नाही…’

‘मी आपली अडाणी. मी म्हणते, सकाळी माणूस आपल्या गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दहिवर जिथे खरवडतो, तिथे तो राहतो. असं धरायचं का?’

मामा, तू आठ वर्षांपूर्वी गेलास, तुला माहीत नसेल. प्रेंटिसचं घर तलावाच्या रस्त्यावर आहे. पण त्याची निळी गाडी मार्चपासून लोरेटा गान्येच्या अंगणात, तिच्या गॅरेजच्या मागे उभी असते. लोरेटा घटस्फोटित आहे. हे सगळं गाव जाणतं आणि कोणी बोलत नाही. तिच्या घरातलं मूल म्हणजे डॅरेल, संघाचे निम्मे गोल.

मला एवढा वेळ लागला हे समजायला. हॉलमधल्या बाकीच्यांना अर्धा क्षण लागला. कोणीही प्रेंटिसकडे बघत नव्हतं. दोनशे माणसं छताकडे बघत होती.

आणि मग प्रेंटिस स्वतःच उठला. लाल झाला होता. ‘पण पहिल्या सप्टेंबरला दहिवर गोठतच नाही!’

‘तुझं नाव कोणी घेतलं, डगल?’ आई म्हणाली.

पहिली हसली ती लोरेटा. तिसऱ्या रांगेतून, मोठ्यानं. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘चला, सुटले बाई. सहा महिने याचे मोजे तळघरात वाळत घालतेय. आता अंगणात दोरीवर घालेन.’

गॉर्डीला ठसका लागला. त्याच्या पाठीत गुद्दे घालावे लागले.

पुढचं फार लवकर झालं. ज्या पाच बापांना कलम १४ इतकं पवित्र वाटत होतं, त्यांच्या लक्षात आलं की हिल्या गेली तर डॅरेल जातो, आणि डॅरेल गेला तर संघ नाताळपर्यंत एकही सामना जिंकत नाही. व्हर्ननं सुचवलं, ‘घरातील’ ऐवजी ‘पोटचे’ करू. गॉर्डीनं अनुमोदन दिलं. एकमतानं मंजूर. गुणपत्रक तर त्यांच्याच सह्यांचं होतं, तेव्हा पहिली आलेली मुलगी वगळायची कशी? हिल्या संघात आली. ज्याची जागा गेली तो गॉर्डीचाच मुलगा निघाला. पण गॉर्डी तेव्हा अजून खोकत होता.

मी खूश व्हायला हवं. आहेही. पण रात्रभर एकच खुपत राहिलं. माझ्या तत्त्वानं यातलं काहीच झालं नाही. सगळं झालं ते एका माणसाच्या मोज्यांनी. मी हे आईला म्हणाले. ती गाडी चालवत होती. म्हणाली, ‘तत्त्व तुझं होतं. स्केट तिचे होते.’ घर आलं तेव्हा म्हणाली, ‘एइनोला कॉफीत अजून दोन चमचे साखर लागते का, विचार.’

म्हणून विचारते. लागते का?

साइमी

•

थंडर बे
१४ ऑक्टोबर

साइमी,

लागते. डॉक्टर नको म्हणतो. तिला सांगू नकोस, नाहीतर एक घालेल.

काल एक खोका आला. आत वेलची घातलेला गोड पाव, आपला पुल्ला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. वाटेत थोडा सुकला होता. खाली एक चिठ्ठी, लेम्पीच्या अक्षरात. ‘गुडघे कसे आहेत?’ एवढंच.

मी ती टीव्हीच्या वर टांगली आहे. तिरकी.

तुझ्या तत्त्वाबद्दल दुःख करू नकोस. तू नियम लिहिला नसतास तर तुझ्या आईला विचारायला शब्द मिळाला नसता. फक्त यापुढे काही लिहिलंस की आधी आठवी शिकलेल्या माणसाला वाचून दाखव.

ताउनोला पत्र लिहायला घेतलंय. ‘प्रिय ताउनो’पर्यंत आलोय. तिथे गेला आठवडाभर आहे.

मामा

•

टॅमरॅक लँडिंग
१५ नोव्हेंबर

एइनोमामा,

मी हिल्या. ताई म्हणते तू मला पाहिलंस तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तुझ्या यंत्रावर बसून बर्फभर फिरायची. मला थोडं आठवतं. यंत्र गरम होतं.

ताई तुला नेहमी लिहिते पण ती सगळं नीट सांगत नाही, कारण तिला वाटतं आता सगळं छान झालंय. आईलाही तसंच वाटतं. लोक कँटीनमध्ये येऊन आईला म्हणतात, ‘लेम्पी, जिंकलीस.’ ताईला म्हणतात, ‘साइमी, तुझा नियम जिंकला.’ मला म्हणतात, ‘नशीबवान आहेस हो.’ मी पहिली आले होते. ते कोणी म्हणत नाही.

मी संघात आहे. माझा अंक २१ आहे. आतापर्यंत चार सामने झाले, दोन घरी, दोन बाहेरगावी. कोच मला चौथ्या फळीत ठेवतो आणि मग चौथी फळी विसरतो. बसमध्ये तो माझ्याशी फार चांगलं वागतो. डॅरेलशी मात्र तो बोलतच नाही, कारण डॅरेल आता सगळ्यांसमोर त्याला विचारतो, ‘जेवायला काय आहे?’

ताई डाव्या दाराशी उभी असते. माझी पाळी आली असं वाटलं की तिचा हात कडीवर जातो. मग कोच दुसऱ्याचं नाव घेतो. मग तिचा हात परत येतो. मी तिच्याकडे बघत नाही.

मी मोजलं. चार सामन्यांत मिळून मी अकरा मिनिटं बर्फावर होते.

आता मी तुला एक सांगते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. तीन ऑक्टोबरला माझ्याबद्दल वर सभा चालली होती ना, तेव्हा खाली बर्फ नुकताच घातलेला होता. पुढचा सराव कोणी सुरू करेना, कारण सगळे कोच आणि सगळे बाप आणि सगळ्या आया वर होत्या. बाकीची मुलं जिन्यावर बसून ऐकत होती. मी स्केट घातले आणि आत गेले. कोणीच नव्हतं. माझ्या आधी बर्फावर एक ओरखडासुद्धा नव्हता. वरून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला तेव्हा मी मागच्या निळ्या रेषेवरून पूर्ण वेगात निघाले होते आणि थांबले नाही. पन्नास मिनिटं, मामा. घड्याळ समोरच होतं.

मंडळाच्या नियमांत कलम २२ आहे. कोणत्याही सभासदानं लेखी तक्रार दिली तर चौदा दिवसांत सगळ्यांची सभा बोलवावीच लागते. मी सभासदांची यादी पाहिली. तू अजून तहहयात सभासद आहेस.

तर एक तक्रार पाठव ना. कशाबद्दलही चालेल. उजव्या दाराच्या कडीबद्दल लिही. पण मोठी लिही, आणि तिच्यात एखादा असा शब्द घाल की त्यावर त्यांना खूप वेळ भांडता येईल.

रविवारी दुपारची ठेवायला सांग. रविवारी दुपारी बर्फ चांगला असतो.

हिल्या